लहान इंजिन, लहान हत्यारे

विदर्भातील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेता यावा म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ असा एक लहान लोहमार्ग घालण्यात आला. आज वाशीम जिल्ह्यात मोडणारे कारंजा हे गाव ह्याच मार्गावरचे. मुख्य मार्गावर दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते. ह्या मार्गावर ते अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, ठेवलेले होते. त्यावरून धावणारी गाडी लोकांना ‘शकुंतला’ ह्या नावाने ठाऊक होती. तिचे वाफेचे इंजिन इंग्लंडातील मँचेस्टर शहरी १९२१ साली तयार झाले, १९२३ साली कामावर रुजू झाले आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ गाडी ओढून १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. तेव्हा आता कारंज्यातील मुलांना वाफेचे इंजिन भेटते ते बहुधा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात, एखाद्या छायाचित्रात, नाहीतर कोणी हौसेने घडवलेल्या लहानशा प्रतिकृतीत.

अशी प्रतिकृती घडवायला बसलेल्या विद्यार्थ्याला प्रथम प्रमाण ठरवावे लागते. समजा, त्याने १:२० हे प्रमाण घेतले. मग इंजिनाचे प्रत्येक माप वीसने भागायचे. ७६२ मिलिमीटरचे रुळांमधील अंतर ३८.१ मिलिमीटर होते, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढे. इथवरचे गणित सोपे आहे. पुढची अडचण मात्र गणिताच्या वहीत दिसत नाही. इंजिन वीसपट लहान झाले, पण विद्यार्थ्याची बोटे लहान झाली नाहीत. सागवानाच्या रेषा लहान झाल्या नाहीत. कानशीचे दातही होते तेवढेच राहिले. प्रतिकृतीवर एक दशांश मिलिमीटर खोल ओरखडा राहिला, तर वीसपट मोठ्या इंजिनावर तो दोन मिलिमीटर खोल चर ठरेल. लोखंडी पत्र्यावर असा चर कोणत्याही कारखान्याने राहू दिला नसता. पाहणाऱ्याला हे गणित करावे लागत नाही. त्याचा डोळाच सांगतो की हे इंजिन नव्हे, हा लाकडाचा ठोकळा आहे. पुण्यात भाऊ जोशी ह्यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडले. तेथील गाड्यांचे प्रमाण १:८७ आहे. त्या प्रमाणात तोच ओरखडा जवळजवळ नऊ मिलिमीटर खोल होईल. प्रमाण जितके लहान, तितका ओरखडा मोठा, असा हा उलटा हिशेब आहे.

म्हणून प्रतिकृती करणाऱ्याचा अर्ध्याहून अधिक वेळ कापण्यात किंवा जोडण्यात जात नाही; तो घासण्यात जातो. आणि घासण्यासाठी लागणारी चांगली हत्यारे दुकानापेक्षा घरीच अधिक बरी होतात.

घासणे म्हणजे मुळात कापणेच होय. पॉलिश कागदावर डिंक, सरस किंवा राळेसारख्या चिकट पदार्थाने कठीण कण बसवलेले असतात. प्रत्येक कणाची धार एखाद्या इवल्याशा पटाशीसारखी लाकडाचा किंचितसा पापुद्रा काढते. हे कण पूर्वी वाळूचे, काचेच्या चुऱ्याचे किंवा शिंपल्यांच्या भुकटीचे असत. तेराव्या शतकातील चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा, बिया आणि वाळू चर्मपत्रावर चिकटवून असा कागद करीत. आपल्याकडेही निसर्गाने एक कागद तयार ठेवला आहे. अंगणातील प्राजक्ताचे पान बोटांनी चोळून पाहावे. त्याच्या खरखरीत पृष्ठभागाने पूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करीत. आज बाजारात मिळणाऱ्या काळ्या कागदावर बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. हा पदार्थ अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचेसन ह्यांनी १८९१ साली विजेच्या भट्टीत, कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत असताना, तयार केला. हिरे काही झाले नाहीत. पण जगभरच्या सुतारांची आणि लोहारांची मोठी सोय झाली.

कागदाच्या पाठीवर छापलेला अंक कणांचा बारीकपणा सांगतो. घरात गव्हाची चाळण वेगळी असते आणि मैद्याची वेगळी असते. गव्हाच्या चाळणीला एका इंचात थोडी भोके असतात, मैद्याच्या चाळणीला पुष्कळ. कणांचे अंक मुळात ह्याच चाळणीवरून आले. अंक मोठा म्हणजे एका इंचातील भोके अधिक, आणि म्हणून कण बारीक. अतिशय बारीक कण चाळणीने वेगळे होत नाहीत; ते द्रवात किती सावकाश खाली बसतात ह्यावरून निवडले जातात. १२० अंकाच्या कागदावरील कण सुमारे एक अष्टमांश मिलिमीटरचा असतो. ४०० अंकाचा कण त्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडा मोठा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढा, असतो. १००० अंकाचा कण त्याच्याही निम्मा. लाकडी प्रतिकृतीला १२०, २२० आणि ४०० हे तीन कागद बहुतेक पुरतात. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीला मात्र ४०० पासून सुरुवात करून १००० पर्यंत जावे लागते, कारण प्लॅस्टिकला स्वतःच्या रेषा नसतात आणि त्यावर प्रत्येक ओरखडा उघडा पडतो.

नवखा विद्यार्थी योग्य अंकाचा कागद आणतो, त्याची घडी करतो, बोटाखाली धरतो आणि घासू लागतो. येथेच त्याचे काम बिघडते. बोट मऊ असते आणि गोल असते. बोटाच्या टोकाखाली दाब अधिक पडतो, दोन बोटांच्या मधल्या फटीत तो जवळजवळ नसतोच. म्हणून पत्र्यासारखी सपाट असायला हवी अशी बाजू पाच मिनिटांत शेतातल्या सऱ्यांसारखी उंचसखल होते. शिवाय बोट कडेवरून खाली घसरते आणि कड गोल करून टाकते. अर्धा मिलिमीटर गोल झालेली कड हाताला कळतही नाही. पण मूळ इंजिनाच्या मापात ती एक सेंटिमीटर गोल झालेली असते. लोखंडी पत्र्याची कड अशी कधीच नसते. ती साबणाच्या वडीची असते. आणि गेलेली कड परत आणता येत नाही.

तेव्हा कागदाइतकेच, किंबहुना कागदाहून अधिक, महत्त्व कागदाच्या पाठीशी काय आहे ह्याला असते. सपाट जागेसाठी पाठ कठीण आणि सपाट हवी. गोल जागेसाठी ती वाकणारी हवी. आणि अरुंद जागेसाठी त्या जागेहून अरुंद हवी. घासण्याच्या हत्यारांची सारी निवड एवढ्यावर होते.

सपाट जागेचे पहिले हत्यार म्हणजे ठोकळा. सागवानाचा सुमारे आठ सेंटिमीटर लांब, चार रुंद आणि दोन जाड असा तुकडा सुताराकडे सहज मिळतो. तो स्वतः सपाट आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे. आरशावर ठेवून त्याचे चार कोपरे एकेक करून दाबावेत. कोठे डुगडुगला तर आरशावर पॉलिश कागद पसरून ठोकळाच त्यावर घासावा आणि मग वापरावा. वाकड्या ठोकळ्याने सरळ काम होत नाही. ठोकळ्याला कागद चारही बाजूंनी गुंडाळला तर तो हातात नीट बसतो. परंतु खालची बाजू घट्ट ताणलेली हवी, नाहीतर कागदाला फुगा येतो आणि तो फुगा कडा खातो.

वस्तू फार लहान असेल, उदाहरणार्थ इंजिनचालकाच्या खोलीची एक भिंत, तर ठोकळा वस्तूवर फिरवण्याऐवजी उलट करावे. चौकटीचा जुना आरसा किंवा गुळगुळीत फरशी घ्यावी, तिच्यावर कागद चिकटवावा आणि ती भिंतच त्यावर फिरवावी. सहाणेवर चंदनाचे खोड जसे फिरवतात तसेच हे आहे. सहाण जागची हलत नाही, खोड फिरते. फक्त एक काळजी घ्यावी लागते. पुढे ढकलताना हाताचा भार नकळत पुढच्या कडेवर जातो आणि ती बाजू अधिक झिजते. म्हणून आठदहा वेळा फिरवल्यावर तुकडा हातात उलट दिशेने धरावा. उघड्या काचेचा तुकडा ह्या कामी घेऊ नये. त्याच्या कडा हात कापतात.

इंजिनाचे सर्वांत अधिक काम मात्र तिसऱ्याच हत्याराने होते, आणि ते म्हणजे घासकाठी. बाजारात रंगीत वेष्टनातून अशा काठ्या मिळतात आणि त्यांची किंमत पाहून विद्यार्थ्याचा धीर खचतो. वास्तविक त्या वेष्टनात एक सरळ काठी आणि एक कागदाची पट्टी ह्यांपलीकडे काही नसते. आइस्क्रीमच्या काड्या धुऊन वाळवाव्यात. अधिक अरुंद काठी हवी असेल तर बांबूची कामटी तासून घ्यावी; बांबू पातळ झाला तरी कडक राहतो, हा त्याचा मोठा गुण. कागद पालथा घालून त्याच्या पाठीवर चिकटद्रव्याचा पातळ थर द्यावा आणि काठ्या एकमेकींपासून थोड्या अंतराने त्यावर मांडाव्यात. थर जाड झाला तर कागदाला सुरकुत्या पडतात. मग वर जाड पुस्तकांचे वजन ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी कागदाच्या पाठीकडून, काठीच्या कडेला धरून, जुन्या पात्याने पट्ट्या कापाव्यात. कणांच्या बाजूने कापले तर कण पात्यालाच घासतात आणि एका फटक्यात धार जाते. घरातील चांगली कात्री ह्या कामाला घेतली तर काय होईल हे सांगायला नको.

काठीच्या एकाच बाजूला कागद लावावा. दोन्ही बाजूंना लावला तर काम दुप्पट होईल असे वाटते. होते ते नुकसान. खोलीची भिंत आणि तिचे छप्पर जेथे मिळतात त्या कोपऱ्यात काठी घातली की एक बाजू भिंत घासते आणि दुसरी, कोणाचे लक्ष नसताना, छप्पर. कोरी बाजू नुसती टेकून राहते आणि उलट काठीला आधार देते. प्रत्येक काठीच्या टोकावर कागदाचा अंक लिहून ठेवावा. चिकटवल्यावर पाठीवरचा छापील अंक झाकला जातो, आणि २२० व ३२० ह्यांतील फरक मग बोटांना सांगता येत नाही.

चिकटद्रव्याचीही एक खुबी आहे. लाकूडकामाचा पांढरा गोंद स्वस्त आणि चांगला, पण पाण्यात तो सुटतो. जी काठी पाण्यात भिजवून वापरायची, तिच्यासाठी सायकल दुरुस्तीच्या दुकानात पंक्चर काढायला जे रबराचे सोल्यूशन असते ते घ्यावे. ते पाण्याला दाद देत नाही, आणि कागद झिजला की पट्टी ओढून काढता येते; तीच काठी पुन्हा कामाला येते. आइस्क्रीमची काडी मात्र पाण्याने वाकते. तेथे कामटी किंवा मोडकी प्लॅस्टिकची पट्टी बरी.

आता इंजिनाचा गोल भाग, म्हणजे बॉयलर. तो लाकडी दांड्याचा केलेला असो किंवा प्लॅस्टिकच्या नळीचा, त्यावर कठीण ठोकळा फिरवला तर ठिकठिकाणी सपाट पट्टे पडतात आणि उजेडात ते चमकतात. येथे पाठ वाकली पाहिजे. जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचा एक तुकडा कापून त्यावर कागद लावला म्हणजे उत्तम गादी होते. त्याहून सोपा उपाय ताक घुसळण्यासारखा आहे. कागदाची एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी, ती फाटू नये म्हणून तिच्या पाठीला चिकटपट्टी लावावी, बॉयलरवरून अर्धा वेढा देऊन दोन्ही टोके दोन हातांत धरावीत आणि रवीच्या दोरीसारखी आळीपाळीने ओढावीत. पट्टी स्वतःच गोलाईवर बसते. दांडा मधूनमधून थोडा फिरवावा, म्हणजे एकच बाजू झिजत नाही. चिमणीच्या आतली बाजू घासायची असेल तर उलट, शिसपेन्सिलीला कागद गुंडाळून ती आत फिरवावी.

इंजिनचालकाच्या खोलीच्या खिडक्या ह्या साऱ्यांत अवघड. दहाबारा मिलिमीटरच्या त्या चौकोनात कागद लावलेली काठी मुश्किलीने शिरते आणि कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. येथे बारीक कानस हवी. सोनार वापरतात तशा बारीक कानशींचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यात चपटी, चौकोनी, तिकोनी आणि गोल अशा निरनिराळ्या आकारांच्या कानशी असतात. काठ्या घरी कराव्यात हे खरे, पण कानस घरी करता येत नाही, आणि तिच्यावर पैसे वाचवण्यातही अर्थ नाही. हलक्या कानशीचे दात पहिल्या महिन्यातच बसतात. कानशीचे दात पुढे झुकलेले असतात, म्हणून ती पुढे जाताना कापते. मागे घेताना ती दाबून ओढली तर काम काही होत नाही, दात मात्र बोथट होतात. मागे येताना ती किंचित उचलावी. दातांवर आधी खडू घासला तर भुसा त्यांत अडकून बसत नाही. तरी अडकलाच तर दात घासण्याच्या जुन्या ब्रशने तो काढावा.

हत्यारे तयार झाली म्हणजे प्रश्न उरतो तो थांबायचे केव्हा. पुष्कळ प्रतिकृती कमी घासल्याने नव्हे तर अधिक घासल्याने बिघडतात. ह्यासाठी शिसपेन्सिलीसारखा दुसरा मार्गदर्शक नाही. घासायच्या बाजूवर पेन्सिलीने हलक्या आडव्यातिडव्या रेघा ओढाव्यात आणि ठोकळा चारपाच वेळा फिरवावा. जेथील रेघा गेल्या तेथे उंचवटा होता. जेथे त्या राहिल्या तेथे खळगा आहे. सगळ्या रेघा एकाच वेळी जाऊ लागल्या की बाजू सपाट झाली. तेथे १२० चे काम संपले, आणि मग २२० घ्यायचा. प्लॅस्टिकवर कागद बदलताना घासण्याची दिशाही बदलावी. आधीचे ओरखडे आडवे पडतात आणि ते पुरते गेले की नाही हे दिसते. लाकडावर ही युक्ती चालत नाही. लाकूड नेहमी त्याच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. रेषांना आडवे गेले की तंतू तुटतात आणि रंगाखालीही तो फाटका भाग दिसत राहतो. मधला अंक गाळून १२० वरून एकदम ४०० वर जाण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्याने वेळ वाचत नाही. जाड कणाचा चर बारीक कणाने काढायला तिप्पट वेळ लागतो आणि तोवर कड गोल होते.

इंजिनाचे पत्रे रिव्हेटांनी जोडलेले असतात. दोन सेंटिमीटर रुंदीचे रिव्हेटाचे डोके १:२० प्रमाणात एक मिलिमीटरचा ठिपका होते. असे ठिपके विद्यार्थी टाचणीच्या टोकाने गोंदाचे थेंब ठेवून करतो. शंभर ठिपक्यांना एक संध्याकाळ जाते. घासकाठीच्या दोन फेऱ्यांत ती संध्याकाळ पुसली जाऊ शकते. म्हणून सपाट बाजू आधी पुरती घासून घ्यावी आणि रिव्हेट शेवटी लावावेत. ते लावल्यावर शेजारचा सांधा घासण्याची पाळी आलीच, तर रिव्हेटांवर चिकटपट्टीचे दोन थर लावावेत. काठी चुकून घसरली तर आधी चिकटपट्टी झिजते आणि आवाज बदलतो. कान तेवढ्यात सावध करतो.

घासताना उडणारी धूळ हलकी वाटली तरी ती श्वासाबरोबर छातीत जाते, आणि बारीक कागदाची धूळ अधिक खोल जाते. नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, उघड्या ओसरीत बसावे आणि धूळ फुंकर मारून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. प्लॅस्टिक घासताना काळा वॉटर पेपर पाण्यात बुडवून वापरला तर धूळ उडतच नाही, आणि कागदही लवकर भरून येत नाही. लाकडाला असे पाणी चालत नाही. त्याचे तंतू फुगून उभे राहतात. ह्या खोडीचाही सुतार उपयोग करून घेतात. अखेरच्या कागदाआधी ते लाकडावरून नुसते ओलसर फडके फिरवतात, लाकूड वाळू देतात, आणि उभे राहिलेले तंतू ४०० च्या कागदाने हलकेच कापून टाकतात. पुढे रंगाने ते पुन्हा उभे राहत नाहीत.

सर्व भाग घासून झाले की विद्यार्थी त्यांवर राखाडी अस्तराचा पातळ हात देतो. तो वाळल्यावर प्रतिकृती खिडकीपाशी न्यावी आणि उजेड तिच्यावर तिरका पडेल अशी धरावी. बोटांना आणि समोरच्या प्रकाशात डोळ्यांना जे कळले नव्हते ते आता दिसते: बॉयलरच्या पोटाशी राहिलेला एक पट्टा, खोलीच्या मागच्या भिंतीवर १२० च्या कागदाचे तीन ओरखडे, चिमणीच्या बुडाशी सांध्याची बारीक रेघ. ४०० अंकाची काठी घेऊन तेवढ्याच जागा घासायच्या, धूळ टिपायची आणि अस्तराचा दुसरा हात द्यायचा. काळा रंग त्यानंतर.